वीज पांढरी पाचमध्ये गाते

आजचा विषय घरगुती वादाचा आहे. आमच्याकडचे बरेच जण इथे डोकावतात, म्हणून नावं घालत नाही. "अकोल्याचे मामा" एवढं पुरे, ओळखायचं ते ओळखतीलच.

तर वाद असा, की घरात येणारी वीज "शुद्ध" करून घेतली तर गाणं जास्त चांगलं ऐकू येतं का? मामांना कुणीतरी पॉवर कंडिशनर नावाचा डबा सुचवला. किंमत चाळीस हजार. मामा निवृत्त आहेत. मामी गेल्यापासून त्यांची संध्याकाळ म्हणजे जुना ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन ट्रंका भरून कॅसेटी. त्यामुळे "कशाला उगाच खर्च करता" म्हणणं सोपं नव्हतं. ते म्हणाले, "एकदा तरी नीट आयकू दे लेका, किती दिवस रायले आता?" यावर काय बोलणार? आमच्या खानदानात मल्टीमीटर हाताळणारा मी एकटाच, म्हणून निकाल द्यायला अमरावतीहून मला बोलावलं.

आधी थोडं शास्त्र. भिंतीतल्या सॉकेटमधली वीज स्पीकरपर्यंत थेट जातच नाही. ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर ती कमी करतो, रेक्टिफायर तिला एका दिशेला वळवतो आणि मोठे कपॅसिटर ती साठवून सपाट करतात. अकोल्याच्या माणसाला हे टाकीवरून लगेच कळतं. काटेपूर्णा धरणाचं पाणी नळाला बारीक आलं की जोरात आलं, टाकी भरली की आंघोळीच्या वेळी त्याने काही फरक पडत नाही. म्हणजे बऱ्या ॲम्प्लिफायरच्या पोटात एक कंडिशनर आधीच बसलेला असतो.

मग वीज कधीच ऐकू येत नाही का? येते की! आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाते आणि रेक्टिफायरनंतर ते १०० होतात. स्पीकरमधून येणारी घूं अशी गुणगुण म्हणजे हेच दोन आकडे. आता गंमत बघा. पेटीवरची पांढरी पाच खालच्या सप्तकांत ४९ आणि ९८ च्या आसपास येते. म्हणजे आपल्या घरची वीज किंचित चढ्या पांढरी पाचमध्ये गाते! काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या मागे असा न विचारलेला षड्ज लागला तर तानपुऱ्याचं काय होत असेल?

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. नियमाप्रमाणे घरगुती वीज २३० व्होल्ट, सहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे साधारण २१६ ते २४४. मे महिन्यात संध्याकाळी सगळी कॉलनी कुलर लावते तेव्हा मामांकडे माझ्या मीटरने १९८ दाखवले. इतक्या कमी व्होल्टेजवर आवाज मोठा केला तर लवकर फाटतो, हे खरं. पण मामा ऐकतात तेवढ्या आवाजात तो प्रश्न येत नाही.

खरा फरक ऐकायचा तर भारनियमनाची वर्षं आठवा. २००५ नंतर आपल्या वऱ्हाडात घरोघरी इन्व्हर्टर आले, आणि त्यातले स्वस्तातले चौकोनी लहरीचे. त्यावर पंखासुद्धा घुरघुरायचा. २३० व्होल्टच्या नेहमीच्या लहरीचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं. तेवढ्याच व्होल्टच्या अगदी चौकोनी लहरीचं टोक २३० वरच राहतं. कपॅसिटर टोकापर्यंत भरतात, म्हणून ॲम्प्लिफायरची ताकद जवळजवळ निम्मी होते, वर घुरघुर वेगळी. तिथे वीज सुधारली की आवाज सुधारतो, यात वाद नाही.

शौक कुठवर जाऊ शकतो? जपानमध्ये एका वकिलाने फक्त ऑडिओसाठी अंगणात स्वतंत्र विजेचा खांब उभारून घेतला. २०१६ मध्ये त्याची बातमी आली होती, खर्च सुमारे १० हजार डॉलर. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आपलं त पारसचं वीजकेंद्रच जवळ हाय, आपल्याले ताजी वीज भेटते!"

असो. दुकानदाराने डबा चार दिवस वापरून बघायला दिला होता. आम्ही परीक्षा घेतली. मामेभाऊ पडद्यामागे. नाणं उडवून तो ठरवणार, वायर डब्यात लावायची की थेट भिंतीत. वायर दोन्ही वेळा काढायची, म्हणजे आवाजावरून कळायला नको. तीच कॅसेट, तोच तुकडा, तोच आवाज. दहा फेऱ्या. नुसत्या नशिबाने नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक, म्हणून नऊ आले तर डबा घ्यायचा असं ठरलं.

मामांचे सहा बरोबर आले. माझे चार.

सहा हे नशिबाने तीनात एकदा तरी येतातच. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे मंगळवारी मले जे आयकू आलं, थे खोटं होतं काय?"

मला वाटतं, या सगळ्या विषयातला हाच प्रश्न महत्त्वाचा आहे. खोटं नव्हतं. मंगळवारी डबा आला म्हणून मामांनी कुलर बंद केला, खिडक्या लावल्या, फोन आत ठेवला आणि किती तरी दिवसांनी एक अख्खी बाजू मन लावून ऐकली. ज्या बारीक मुरक्या ऐकू आल्या, त्या कॅसेटमध्ये होत्याच. रात्री अकरानंतर गाणं छान लागतं ते वीज शुद्ध होते म्हणून, असं बरेच जण सांगतात. मला वाटतं, त्या वेळी गल्ली शुद्ध होते.

गुणगुण मात्र खरी होती, आणि ती डबा लावूनही तशीच होती. टीव्हीची एक वायर ॲम्प्लिफायरला जोडलेली, टीव्ही दुसऱ्या बोर्डवर आणि त्याला डिशची केबल. ती वायर काढली आणि पांढरी पाच बंद. शिवाय अर्थिंग गेलेलं. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १८ व्होल्ट! आपली काळी माती पावसाळ्यात विजेला छान वाट देते, पण उन्हाळ्यात भेगा पडल्या की खड्डा कोरडा. वायरमनला बोलावून कोळसा-मीठ घालून नवा खड्डा करून घेतला. मे महिन्यात त्यात रोज बादलीभर पाणी घालायचं काम मामांकडे. (गुणगुण जावी म्हणून अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग असतात. कृपा करून तसं करू नका, जिवाशी खेळ आहे.)

सोबत हाय-लो कटचा स्टॅबिलायझर घेतला. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा जुना ॲम्प्लिफायर वाचवायला हाच कामाचा. त्याने आवाज सुधारत नाही, पण आवाज शिल्लक राहतो. सगळं मिळून दहा हजारांच्या आत झालं.

डबा परत गेला. मामा अजूनही कधी कधी म्हणतात, "थो डबा होता तवा काही और होतं." मी वाद घालत नाही. कुलर मात्र ते आता नऊ ते दहा बंद ठेवतात, उकडलं तरी. नातेवाईक मंडळींनी त्या तासात अकोल्याला फोन करू नये, ही विनंती.