अंगठा का उमटत नाही?

नोव्हेंबर महिना आला की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक तक्रार घेऊन लोक येतात. "डॉक्टर, मशीन माझा अंगठा घेत नाही. काहीतरी औषध द्या." नोव्हेंबर हा पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिना, म्हणून तेव्हा गर्दी. एरवी वर्षभर हीच तक्रार रेशन दुकानातून येते. कुणाला वाटते अंगातले रक्त कमी झाले, कुणाला वाटते ही लकव्याची सुरुवात आहे. एक गृहस्थ तर आधी साखर तपासून, रिपोर्ट हातात घेऊनच आले होते.

बोटांवरची नक्षी आईच्या पोटात, साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात तयार होते. तिचा मूळ साचा त्वचेच्या वरच्या थरात नसतो. वरचा आणि खालचा थर जिथे जुळतात तिथे असतो. त्यामुळे बोट खरचटले, थोडे भाजले, तरी नवी कातडी त्याच नक्षीची येते. खोल जखमेचा व्रण मात्र कायम राहतो. म्हणजे ठसा जन्मभर बदलत नाही हे आपण ऐकतो ते बरोबर आहे. पण नक्षी असणे वेगळे आणि मशीनला ती वाचता येणे वेगळे.

काचेवर बोट टेकवले की नक्षीचे उंच कंगोरे काचेला चिकटतात, मधल्या खाचा चिकटत नाहीत. या फरकातून मशीन चित्र घेते. त्यासाठी कंगोरे पुरेसे उंच हवेत, कातडी लवचिक हवी आणि थोडा ओलावा हवा. वय वाढले की कातडी पातळ व सैल होते, कंगोरे सपाट होतात. तळहाताला आणि बोटांच्या पेरांना तेलाच्या ग्रंथी नसतातच. तिथला ओलावा घामाचा, आणि उतारवयात घामही कमी होतो. दुकानदार "बोट जरा केसांतून फिरवा" म्हणतो, तो काही अडाणीपणा नाही. डोक्याचे तेल बोटाला लागते आणि काचेवर पकड येते.

वयाइतकाच कामाचा वाटा असतो. भांडी, धुणे, विटा, सिमेंट, ऊसतोड. साबण आणि सोडा कातडीतला ओलावा ओढून घेतात. ओले सिमेंट तर कातडी खातेच. दिवसभर हात धुणाऱ्या आमच्या सिस्टरांनाही हजेरीच्या मशीनने छळल्याचे मी पाहिले आहे. इसब, सोरायसिस, हातावर परिणाम झालेला कुष्ठरोग ही आणखी कारणे. स्तनाच्या व आतड्याच्या कर्करोगासाठी देतात ती कॅपेसिटाबिन ही गोळी घेताना काहींचे तळहात लाल होऊन सोलतात आणि ठसे पुसट होतात. गोळ्या संपल्यावर ते बहुधा परत येतात, तेव्हा ठशासाठी गोळी बंद करू नका. जन्मतःच ठसे नसलेली कुटुंबेही आहेत. अशाच एका स्विस कुटुंबाच्या अभ्यासातून २०११ मध्ये त्याचे जनुक सापडले, आणि विमानतळावर अडकवणारा आजार म्हणून डॉक्टरांनी त्याचे नावही ठेवून दिले!

हा विषय निघाला की आमच्या सकाळी फिरायला येणाऱ्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, मशीनमुळे खोटी नावे गळली, मेलेल्या माणसांच्या नावावरचे धान्य थांबले. शंभरात एखाद्याचा अंगठा नाही उमटला तर काय बिघडले? दुसरा म्हणतो, हे सगळे गरिबाला हुसकावण्याचे धंदे आहेत. मी यंत्राच्या विरोधात नाही. दलाल गेले हे मला मान्य आहे, पेन्शन थेट खात्यात येते हेही चांगलेच आहे. पण त्या "शंभरात एखादा" या हिशेबात एक मोठी गल्लत आहे.

हा एखादा दर महिन्याला वेगळा नसतो. चिठ्ठी काढल्यासारखी आज माझी पाळी, उद्या तुमची, असे होत नाही. ज्या बाईचा अंगठा जूनमध्ये उमटला नाही, तिचाच जुलैत उमटत नाही आणि ऑगस्टमध्येही नाही. जिने जास्त भांडी घासली तीच जास्त वेळा परत जाते. सरासरी शंभरात एक दिसते. त्या बाईपुरती ती शंभर टक्के असते.

माझ्याकडे चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एक ताई येतात. रक्तदाब चांगला ताब्यात होता, तो एकदा १८०/११० निघाला. गोळ्या बंद होत्या. तीन महिने रेशन मिळाले नव्हते, गहू-तांदूळ बाजारातून आणला, आणि कात्री लागली ती गोळ्यांना. हात बघितले तर इसब होऊन दहाही बोटे भेगाळलेली. "हा हात माझाच आहे असं लिहून द्या," म्हणाल्या. मी हाताची अवस्था जशी दिसली तशी लिहून दिली आणि मलम दिले. मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेही काम झाले असते, पण आधारला जोडलेला नंबर मुलाचा जुना, बंद पडलेला. तो बदलून घेतल्यावर पुढच्या महिन्यात धान्य मिळाले.

आम्ही डॉक्टर रोज तपासण्यांवर काम करतो, आणि कुठलीच तपासणी शंभर टक्के बरोबर नसते हे पहिल्या वर्षीच शिकतो. डेंगीची एनएस१ तपासणी आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. तेवढ्यावर आम्ही रुग्णाला "तुम्हाला काही झालेले नाही" म्हणून घरी पाठवत नाही. दुसरी तपासणी करतो, माणसाकडे बघतो. अंगठा ही अशीच एक तपासणी. ठसा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग द्यावा, असे आधार प्राधिकरणानेच ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे. सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही हा मुद्दा आला. कागदावर सोय आहे, पण ती मागावी लागते. सहावीत शाळा सुटलेल्या बाईने परिपत्रकाचा हवाला देऊन ती मागावी ही अपेक्षा मला पटत नाही. मशीन नाही म्हणाले, की दुसरा मार्ग दुकानदाराने स्वतःहून पुढे करायला हवा.

तोवर एवढे करून बघा. आधारसाठी दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, अंगठाच लागतो असे नाही. उजव्या हाताने काम करत असाल तर डाव्या हाताची अनामिका, करंगळीशेजारचे बोट, लावून पाहा. आधी पंधरा दिवस रात्री झोपताना बोटांना साधे व्हॅसलिन चोळा. जायच्या दिवशी मात्र हात साध्या पाण्याने धुऊन पुसून जा, कारण तेलकट थर काचेवर राहिला तर चित्र बिघडते. बोट अगदीच कोरडे असेल तर ओल्या फडक्याला टेकवा. लिंबू, टूथपेस्ट, सँडपेपर घासू नका. उरलेसुरले कंगोरेही जातील. पेन्शनसाठी २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, आणि बँकेत प्रत्यक्ष जाऊन कागदी दाखला देण्याची जुनी सोयही आहे. केंद्र सरकारच्या ८० वर्षांपुढच्या पेन्शनरांना तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यामुळे नोव्हेंबरची रांग टळते.

आणि बोटाला भेग पडली, भाजले, तरी दुखत नसेल, तर मशीनचे नंतर बघू. ते बोट बधिर आहे. मधुमेहात किंवा कुष्ठरोगात असे होते, आणि कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्याच आठवड्यात दाखवून घ्या.