पट्ट्याचे दुसरे टोक

मांजर फाटकासमोरून पळाले, मोतीने झेप घेतली आणि पट्टा मनगटाला गुंडाळून उभ्या असलेल्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पायरीवरून थेट रस्त्यावर आल्या. क्ष-किरण फोटोत मनगटाचे हाड मोडलेले दिसले. सहा आठवडे प्लॅस्टर.

त्या संध्याकाळी ह्यांनी एकच वाक्य उच्चारले, ‘‘आता याला ठेवायचं नाही.’’

धमतरी रस्त्यावर ह्यांच्या एका ओळखीच्यांचे शेत होते. तिथे राखणीला कुत्रा हवाच होता. मोती दीड वर्षाचा, अठ्ठावीस किलो वजनाचा लॅब्रॅडॉर. दोष त्याचा आहे, याबद्दल घरात कुणाचे दुमत नव्हते. अपवाद फक्त जिचा हात मोडला होता तिचा. आई बिछान्यावरून म्हणाल्या, ‘‘त्या मुक्या जिवाला काय कळतंय? त्याला कधी कुणी काही शिकवलंय का?’’

मी गप्प झाले. पिल्लू घरी आणण्याचा हट्ट माझा होता. आणल्यावर त्याला लस टोचून आणली, खाऊ घातले, फोटो काढले. शिकवले मात्र काहीच नाही. मी एका महिन्याची मुदत मागून घेतली.

आज या गोष्टीला पाच वर्षे झाली. रायपूरच्या आमच्या कॉलनीच्या मैदानावर दर रविवारी सकाळी सहाला दहा-बारा कुत्री आणि त्यांची माणसे जमतात. लोक त्याला ‘कुत्र्यांची शाळा’ म्हणतात. आम्ही क्लब म्हणतो. तो चालवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि त्यातले हसू जितके सांगण्यासारखे आहे तितकीच एक चूकही.

पहिला धडा माझा

आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एका निवृत्त हवालदारांचा पत्ता दिला. पोलिसांच्या श्वानपथकात त्यांची बरीच वर्षे गेली होती. मी मोतीला घेऊन पोहोचले, तर त्यांनी त्याला झाडाखाली बांधले आणि म्हणाले, ‘‘बिटिया, कुत्ता बाद में. पहले आप.’’

त्यांनी एक पट्टा काढला. एक टोक माझ्या हातात दिले, दुसरे स्वतःच्या मुठीत धरले. ‘‘आता मला ओढा.’’ मी ओढले. ते आपसूक मागे रेलले. मी आणखी जोर लावला, त्यांनीही लावला. मग त्यांनी एकदम पट्टा सैल सोडला आणि मी धडपडले. ते हसून म्हणाले, ‘‘तुम्ही दीड वर्ष त्याला हेच शिकवताय. ओढलं की ओढायचं असतं.’’

मग त्यांनी साधी रीत सांगितली. पट्टा ताणला की आपण झाडासारखे उभे राहायचे. तो सैल झाला, कुत्र्याने वळून पाहिले, की लगेच शाबासकी आणि खाऊचा लहानसा तुकडा, आणि पुढे चालायचे. खाऊ एक-दोन सेकंदांच्या आत मिळाला पाहिजे. उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला हे कुत्र्याला कळत नाही. एका वेळी पाच मिनिटे पुरेत, पण दिवसातून तीनदा. आणि पट्टा मनगटाला कधीही गुंडाळायचा नाही. आईंचे मनगट आठवून मी मान खाली घातली.

हवालदारकाका स्वतः जुन्या पद्धतीत तयार झाले होते. हिसका, दरडावणी, शिक्षा. ‘‘पण बॉम्ब हुडकणारा कुत्रा मारून तयार होत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘तो त्याच्या चेंडूसाठी काम करतो.’’ १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुण्याच्या पोलीस श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झालेला तो लॅब्रॅडॉरच होता. त्याच जातीचे आमचे रत्न मांजरामागे आईंना ओढत होते. फरक जातीचा नव्हता, शिकवण्याचा होता.

पुढे मी याविषयी वाचत गेले. १९१० मध्ये कोनराड मोस्ट या जर्मन प्रशिक्षकाने पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणावर लिहिलेले पुस्तक अनेक वर्षे प्रमाण मानले जाई. त्यात सक्तीला मोठी जागा होती. घरगुती कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या स्पर्धा अमेरिकेत सुरू झाल्या त्या १९३३ मध्ये, आणि त्या हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंमुळे. त्यांची पूडल कुत्री केवळ शोभेची आहेत, असे लोक म्हणत. ती डोक्यानेही हुशार आहेत हे बाईंना दाखवून द्यायचे होते. न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को गावातल्या त्या पहिल्या चाचणीत फक्त आठ कुत्री होती. पुढे १९८४ मध्ये कॅरन प्रायर यांनी डॉल्फिनना शिकवताना आलेल्या अनुभवांवरून पुस्तक लिहिले आणि शिक्षेऐवजी बक्षिसाची रीत घरोघरी पोहोचली. डॉल्फिनला पट्टा घालून ओढता येत नाही, हे किती साधे सत्य!

महिना संपला तेव्हा मोती फाटकापाशी बसून राहू लागला होता. मांजर दिसले की कान अजूनही टवकारत, पण तो वळून माझ्याकडे बघे. ह्यांनी शेतवाल्या ओळखीच्यांना फोन करून नकार कळवला. मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पनीर मात्र स्वतः आणले.

तीन भाषांचा गोंधळ

चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात एका हळदीकुंकवाला आई प्लॅस्टर सुटलेला हात नाचवत ही गोष्ट सांगत होत्या. तिथेच चार जणींनी आपापल्या घरची गाऱ्हाणी मांडली. एकीचा कुत्रा पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारी, एकीचा रात्रभर भुंके. पुढच्या रविवारी चार कुत्री मैदानावर आली, आणि हवालदारकाका काठी टेकत खुर्चीवर येऊन बसले.

पहिल्याच दिवशी कळले की निम्मी कुत्री आज्ञा मोडत नाहीत, त्यांना आज्ञा कळतच नाही. आपल्या रायपूरकर मराठी घरांत आजी म्हणते ‘बस’, नातू म्हणतो ‘सिट’, कामाला येणाऱ्या मावशी छत्तीसगढीत म्हणतात ‘बइठ’. त्यातून शेजारचे हिंदीत ‘बस, बस’ म्हणतात ते ‘पुरे’ या अर्थाने! बिचाऱ्या जनावराने करावे काय? म्हणून आमचा पहिला नियम ठरला, की घरातल्या सर्वांनी मिळून पाच शब्द ठरवायचे आणि कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायचे. भाषा कोणतीही चालेल, पण एकच.

बाकीचे नियमही थोडेच. लसीचे कार्ड दाखवल्याशिवाय प्रवेश नाही. नुसत्या नोकराबरोबर कुत्रा पाठवायचा नाही, घरचे माणूस हवे. हात किंवा चप्पल उगारायची नाही. आणि ज्याच्या कुत्र्याने घाण केली त्यानेच ती उचलायची. हा शेवटचा नियम सकाळी फिरायला येणाऱ्या आजोबांच्या तक्रारीतून आला. त्यांचे बरोबरच होते. आता आमच्याकडे जुने वर्तमानपत्र आणि सुपली असते, आणि तेच आजोबा वर्ग चालू असताना बाकावर बसून मार्क देतात.

रायपूरचा उन्हाळा हा आमचा सर्वांत कडक मास्तर. नवतपाच्या दिवसांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा वर्ग साडेपाचला भरतो आणि अर्ध्या तासात सुटतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करते. हाताची पालथी बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सोसले नाही तर त्याच्या पावलांनाही सोसणार नाही.

माझी चूक

तिसऱ्या वर्षी एक कुटुंब आले. आई, वडील आणि सहा वर्षांचा मुलगा. बरोबर तपकिरी रंगाचा, मिश्र जातीचा ब्रूनो. चार दिवसांपूर्वी त्याचे दात मुलाच्या गालाला लागले होते. वडिलांनी सरळ विचारले, ‘‘महिन्याभरात सुधारेल ना? नाहीतर सोडून येतो कुठेतरी.’’

मैदानावर ब्रूनो शहाण्यासारखा वागला. बसला, थांबला, हाक मारताच आला. मोतीच्या यशाने माझी मान जरा ताठ झाली होती. मी म्हणून गेले, ‘‘काळजी करू नका. महिन्यात बघा.’’

हवालदारकाका तेव्हा मुलाकडे गावी गेले होते. ते असते तर त्यांनी विचारले असते ते प्रश्न मी विचारले नाहीत. ब्रूनो दिवसभर कुठे असतो? जिन्याखाली, साखळीला. तो आधी गुरगुरत असे का? हो, पण गुरगुरला की चप्पल मिळे, म्हणून त्याने गुरगुरणे सोडले होते. कुत्र्याचे गुरगुरणे म्हणजे त्याने दिलेली सूचना. ती मारून बंद केली तर राग जात नाही, फक्त सूचना जाते. आणि त्याला काही दुखते का, हा प्रश्न तर मला सुचलाच नाही.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला. ब्रूनो जेवत होता. मैदानावर शिकलेली ‘ये’ ही आज्ञा आईला करून दाखवावी म्हणून मुलगा त्याच्या ताटलीजवळ गेला. हाताला चावा बसला, दोन टाके पडले. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुण्याचे त्यांना ठाऊक होते, कारण ते आम्ही वर्गात पहिल्या दिवशी सांगतो. लस घेतलेल्या कुत्र्याचा चावा असला तरी दवाखाना टाळायचा नाही, हेही. तेवढेच एक समाधान.

जनावरांच्या डॉक्टरांना ब्रूनोच्या कानात जुना, चिघळलेला संसर्ग आढळला. मुलगा लाडाने कान धरी, तेव्हा त्याला काय होत असेल याची मला कल्पना करवेना.

मी त्यांच्या घरी गेले. व्हरांड्यात सगळे बसलो. मी म्हटले, ‘‘चूक माझी झाली. मी शब्द द्यायला नको होता. कान बरा होईल, तो पुष्कळ निवळेल. पण ज्या घरात लहान मूल आहे तिथे तो निर्धोक राहील असं मी सांगू शकत नाही.’’ वडील रागावले नाहीत, हेच जास्त लागले. मुलाने बांधलेला हात मांडीवर ठेवून विचारले, ‘‘मावशी, माझ्यामुळे त्याला काढणार का?’’

‘‘नाही रे,’’ मी म्हटले, ‘‘आम्हा मोठ्यांनी त्याला उशिरा समजून घेतलं म्हणून.’’

आमच्या वर्गातले एक निवृत्त जोडपे, घरात लहान मूल नाही, येणे-जाणे कमी. त्यांना सर्व काही, टाक्यांसकट, सांगितले. त्यांनी आठ दिवस विचार केला आणि ब्रूनोला नेले. आता तो साखळीला नसतो. त्याच्या जेवणाच्या वेळी त्या खोलीत कुणी जात नाही. तो गुरगुरला तर आजोबा मागे सरतात आणि मला फोन करून कौतुकाने सांगतात, ‘‘आज बोलला हं तो!’’

तेव्हापासून माझ्या वहीचे पहिले पान बदलले. कुणी ‘चावतो’ म्हणून कुत्रा आणला की आधी डॉक्टरांची तपासणी, मग घरी जाऊन पाहणे, मग मैदान. आणि हमी कुणालाच नाही. शिकवण्याने पुष्कळ साधते, सगळे साधत नाही. हे सांगायला मला दोन टाके पडावे लागले, आणि तेही दुसऱ्याच्या मुलाला.

जे आधी करता आले असते

नव्या पालकांना मी आता एवढेच सांगते. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो. या दिवसांत त्याला माणसे, मुले, कुकरची शिट्टी, स्कूटर, छत्री, सगळे हळूहळू आणि प्रेमाने भेटू द्या. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर घेऊन दाखवा. दिवाळीच्या फटाक्यांचा आवाज आधीच महिनाभर टेपवर अगदी हळू ऐकवा. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नका, कुत्रा कितीही गुणी असला तरी. त्याच्या ताटलीत हात घालू नका. आणि चॉकलेट, मनुका, कांदा हे त्याच्यासाठी विष आहे.

ब्रूनोच्या जुन्या घरचा तो मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. वर्षभर तो मैदानाच्या कडेला उभा राहायचा, आत यायचा नाही. मी बोलावले नाही. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तो आपणहून आला आणि पनीरचा डबा माझ्या हातातून घेतला. आता खाऊ वाटण्याचे काम त्याचे आहे. कुत्रा बसला की तो तळहात सपाट धरतो, बोटे आत घेत नाही. ब्रूनोची चौकशी तो दर वेळी करतो, आजोबा दर वेळी सविस्तर उत्तर देतात.

आईंचे मनगट थंडीत अजून ठणकते. तरी संध्याकाळी मोतीला फाटकापर्यंत त्याच नेतात, पट्टा तळहातात सैल धरून.

मागच्या रविवारी ऊन फार लवकर चढले. वर्ग आटोपता घ्यावा म्हणून मी टाळी वाजवून मोठ्याने म्हटले, ‘‘बस! आज इतकंच!’’

मैदानावरची सहा कुत्री एकदम खाली बसली. उरलेली पाच हिंदी आणि इंग्रजी घरांतली होती. ती उभ्या-उभ्या त्यांच्याकडे बघत राहिली. पोरगा डबा घेऊन धावला. बसलेल्यांना खाऊ द्यावाच लागला. नियम म्हणजे नियम!