विजय मल्ल्यांचे चरित्र लिहिताना

मराठीत कुणाचेही चरित्र लिहायला बसलात की पहिल्याच क्रियापदापाशी निवाडा करावा लागतो. ‘जन्मला’ लिहायचे की ‘जन्मले’? इंग्रजीत लिहिणाऱ्याला ही पंचाईत नसते. आपल्याकडे माणूस चढला की अनेकवचनात जातो आणि पडला की एकवचनात येतो. जरा आठवून पाहा. आयपीएलच्या सुरुवातीच्या वर्षांत बातम्यांत ‘मल्ल्या यांनी’ असे वाचायला मिळायचे. २०१६ नंतर तेच नाव ‘मल्ल्याने’ झाले. निकाल लागायच्या आधी व्याकरणाने शिक्षा देऊन टाकली.

एक मित्र महाविद्यालयीन मुलांसाठी खेळांच्या संघमालकांवर छोटेखानी पुस्तक काढतो आहे. त्यात मल्ल्यांवरचे टिपण माझ्याकडे आले. घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा दोन मते लगेच पुढे आली. माझे चाचा एका सरकारी बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, “बेटा, कर्जबुडव्याचं कसलं चरित्र? एक ओळ लिही आणि मोकळा हो.” भाचा बंगळुरूच्या संघाचा कट्टर चाहता. दर हंगामात ‘ई साला कप नमदे’ म्हणत बसणाऱ्यांपैकी. तो म्हणाला, “मामू, संघ त्यांनीच उभा केला, हे विसरू नका.” दोघांचेही खोटे नव्हते. पण दोघांनाही एका ओळीचेच चरित्र हवे होते.

लिहायच्या आधी मी स्वतःचे वजनमाप तपासून घेतले. आमच्या घरात दारू हराम. दारूच्या पैशावर उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल लिहिताना माझी लेखणी आपोआप कडक होणार, हे मला ठाऊक होते. उलट दिशेने ओढणारीही एक गोष्ट होती. २००३ साली लंडनच्या लिलावात टिपू सुलतानची तलवार याच माणसाने विकत घेतली. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा चष्मा, चपला आणि घड्याळ १८ लाख डॉलरला घेतले तेही यांनीच. आमच्या मोहल्ल्यात तलवारीच्या बातमीने किती जणांची छाती फुगली होती! आता दारूमुळे माणूस वाईट आणि तलवारीमुळे चांगला, असा हिशेब मांडला तर ते माझे चरित्र होईल, मल्ल्यांचे नव्हे.

समतोल म्हणजे निम्मे कौतुक आणि निम्मी टीका, अशी एक सोयीची समजूत आहे. ती मला पटत नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखेच वजन पडले पाहिजे असा आग्रह धरणारा दुकानदार प्रामाणिक नसतो. जे आहे ते तोलायचे, मग काटा जिकडे झुकेल तिकडे झुकू द्यायचा. आपण फक्त मापात पाप करायचे नाही.

म्हणून ‘स्वतःच्या हिमतीवर उभे राहिलेले उद्योगपती’ हे शब्द मी घेतले नाहीत. मद्याचा मोठा उद्योग वडील विठ्ठल मल्ल्यांनी उभा केला होता. १९८३ मध्ये ते वारले आणि तिशीही न गाठलेल्या मुलाच्या हाती तो आला. पण ‘बापाच्या पैशावर उडवले’ हेही पुरते खरे नाही. हाती आलेला उद्योग त्यांनी वाढवला, किंगफिशर हे नाव घरोघरी पोहोचवले. ज्या घरांत ती बाटली कधी आली नाही, तिथेही.

हे नाव पोहोचवण्यातच त्यांच्या खेळप्रेमाचे एक कारण सापडते. टीव्हीवर दारूची जाहिरात करायला बंदी. मग तेच नाव पाण्याच्या बाटलीवर, विमानावर, खेळाडूच्या छातीवर लावायचे. १९९८ मध्ये त्यांच्या कंपनीने कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही हाडवैऱ्यांत भागीदारी घेतली. एकाच्या नावापुढे मॅकडॉवेल लागले, दुसऱ्याच्या पुढे किंगफिशर. २००८ मध्ये ११ कोटी १६ लाख डॉलर मोजून बंगळुरूचा आयपीएल संघ घेतला. मुंबई इंडियन्स सोडले तर त्या लिलावात एवढी किंमत कुणाला पडली नव्हती. संघाचे नावही ‘रॉयल चॅलेंज’ या व्हिस्कीवरून आले.

तर मग खेळाचे प्रेम खोटे होते का? तसे म्हणवत नाही. २००७ मध्ये त्यांनी भागीदारासह फॉर्म्युला वनचा एक धडपडणारा संघ घेतला आणि त्याचे नाव फोर्स इंडिया ठेवले. त्या संघाने २००९ मध्ये बेल्जियमच्या शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला. २०१६ आणि २०१७ मध्ये, बड्या कंपन्यांपेक्षा कितीतरी कमी पैशात, संघांच्या यादीत तो चौथा आला. २०१८ मध्ये तोच संघ आर्थिक अडचणीत सापडून प्रशासकांच्या ताब्यात गेला. धंदा आणि आवड एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. दोन्ही लिहिले.

मग आकडे. मल्ल्यांवर कर्ज किती होते, असे दहा जणांना विचारा, तीन उत्तरे मिळतील. कुणी ६,२०३ कोटी सांगेल, कुणी ९,००० कोटी, कुणी १४,१३१ कोटी. तिन्ही आकडे कागदोपत्री आहेत, पण प्रत्येकाची तारीख आणि अर्थ वेगळा. बँकांचा ९,००० कोटींचा आकडा २०१६ मध्ये सगळ्यांच्या तोंडी होता. जानेवारी २०१७ मध्ये बंगळुरूच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाने ६,२०३ कोटी रुपये आणि त्यावर साडेअकरा टक्के व्याज वसूल करण्याचा हुकूम दिला. १४,१३१ कोटी हे तर कर्जच नव्हे. मल्ल्यांच्या मालमत्तेतून सरकारी बँकांना एवढे परत मिळाल्याचे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. मल्ल्या म्हणतात, निकालापेक्षा दुपटीहून जास्त वसूल केलेत, आता हिशेब द्या. त्यासाठी ते २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयातही गेले. माझ्या चाचांचे उत्तर बँकेतल्या माणसाचे होते : “व्याज झोपत नाही.” आधीचा आकडा लपवला तर मल्ल्या दुष्ट दिसतात, व्याज लपवले तर बँका. आकडा कुणाचा आणि कोणत्या दिवसाचा, एवढे लिहिले की वाचकाला फसवायची सोय उरत नाही.

त्यानंतर ‘गुन्हेगार’ हा शब्द आला आणि मी दोन दिवस अडलो. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्यांना ‘फरार आर्थिक गुन्हेगार’ घोषित केले. २०१८ च्या त्या कायद्याखाली असे घोषित झालेले ते पहिलेच. पण हा कायदा वाचला तर दिसते, की शंभर कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकरणात अटकेचे वॉरंट निघालेले आहे आणि माणूस परदेशात राहून खटल्याला सामोरा येत नाही, एवढे त्याला पुरते. गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. शब्द कायद्याचा, पण कानाला तो निकालासारखा लागतो. लंडनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये प्रत्यार्पणाला मान्यता दिली, तीही फसवणुकीचा सकृद्दर्शनी पुरावा आहे म्हणून. आरोप मल्ल्यांना मान्य नाहीत.

पण ‘त्यांच्यावर काहीच सिद्ध झाले नाही’ हेही लिहिता येत नाही. न्यायालयाचे आदेश डावलून ४ कोटी डॉलर मुलांच्या नावे वळवल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवले आणि २०२२ मध्ये चार महिन्यांची कैद सुनावली. फसवणुकीत आरोपी, अवमानात दोषी. इन्साफ व्हायचा असेल तर हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसता कामा नयेत.

‘पळाले’ हे क्रियापदही असेच. २ मार्च २०१६ ला राज्यसभेचे खासदार असलेल्या मल्ल्यांनी देश सोडला. त्यांच्या म्हणण्यानुसार ते ठरलेल्या बैठकीसाठी निघाले होते. त्यानंतर काही दिवसांतच, त्यांना रोखावे म्हणून बँका सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. एप्रिलमध्ये पारपत्र रद्द झाले. २०२० मध्ये ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने प्रत्यार्पणाविरुद्धचे त्यांचे अपीलही फेटाळले. मी ‘देश सोडला’ एवढेच लिहिले आणि खाली तारखा मांडल्या. क्रियापद वाचकाने निवडावे.

एका प्रसंगाने मात्र माझे मन ढवळले. प्रत्यार्पणाच्या सुनावणीत ब्रिटिश न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातल्या १२ नंबरच्या बराकीचे चित्रण मागवले होते. कोठडीत उजेड येतो का, वारा खेळतो का, हे त्यांना बघायचे होते. ते पाहून हसणारे पुष्कळ होते. मला हसू आले नाही. कैद्याला उजेड मिळतो का, हा प्रश्न योग्यच आहे. वाईट एवढेच वाटले, की त्याच तुरुंगात वर्षानुवर्षे पडून असलेल्या कच्च्या कैद्यांच्या उजेडाची चौकशी कुणी परदेशातून करीत नाही. श्रीमंताला मिळालेला न्याय काढून घेऊन गरिबाचे भले होत नाही. तोच न्याय खाली उतरवावा लागतो.

भाच्याने सुचवलेली एक गोष्ट मी वगळली. ३ जून २०२५ ला बंगळुरूने अखेर चषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशी मैदानाबाहेरच्या चेंगराचेंगरीत अकरा जणांचा जीव गेला. मल्ल्यांनी विजयाबद्दल जाहीर अभिनंदन केले होते, म्हणून भाच्याला वाटले की त्यांच्या गोष्टीचा शेवट चषकाने व्हावा. पण संघाशी त्यांचा संबंध २०१६ मध्येच सुटला होता. तो विजय त्यांच्या खात्यात टाकायचा, तर ते मृत्यूही त्यांच्याच खात्यात टाकावे लागतील. दोन्ही त्यांचे नाहीत.

राहिला प्रश्न मांडणीचा. अशा चरित्रांत शेवटी ‘वाद’ नावाचा एक कोपरा असतो आणि घरातला पसारा त्यात कोंबलेला असतो. मी तो ठेवला नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या आणि एकदाही नफा न दाखवलेल्या विमान कंपनीची हकीकत जिथे आहे तिथेच, २०१२ च्या खाली, लिहिले आहे : कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने थकले, ते संपावर गेले, ऑक्टोबरमध्ये कंपनीचा परवाना निलंबित झाला. त्याच्या पुढच्या परिच्छेदात डिसेंबर २०१५ आहे. गोव्यात कांदोळीच्या बंगल्यावर त्यांच्या साठाव्या वाढदिवसाची मेजवानी झाली, परदेशी गायक गाऊन गेला. दोन परिच्छेदांच्या मध्ये मी एकही विशेषण घातलेले नाही.

टिपणभर मी ‘मल्ल्या यांनी’ असेच लिहिले आहे. वैमानिक, हवाईसुंदऱ्या, सामान चढवणारे हमाल यांच्याबद्दलही ‘त्यांनी’च लिहिले. चाचांनी कच्चा खर्डा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “एवढा अदब कशाला?” मी म्हटले, “चाचा, हमालालाही तोच दिलाय.” ते काही बोलले नाहीत. पगाराच्या ओळीवर त्यांनी पुन्हा बोट ठेवले आणि विचारले, “हे पैसे मिळाले का त्या लोकांना? ते शोधून लिही.” त्याच कामाला लागलो आहे.