फ्री थ्रोची रेघ

कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये पहिल्याच दिवशी सीनियरने विचारलं, "पूर्ण नाव काय रे?" मी आडनावासकट सांगितलं. त्यानंतर माझ्याकडे पास येणं कमी झालं. घरी मात्र हे कधी बोललो नाही.

त्याच वर्षी एका रात्री मोबाईलवर एल पासोच्या टेक्सस वेस्टर्न कॉलेजबद्दल वाचलं. १९ मार्च १९६६, एनसीएएची फायनल. कोच डॉन हॅस्किन्सने सुरुवातीलाच पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. फायनलमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं. समोर केंटकीची टीम, सगळी गोरी. टेक्सस वेस्टर्न जिंकलं, ७२-६५.

मी आकडे बघत बसलो. चालू खेळातले बास्केट केंटकीचेच जास्त होते, २७ विरुद्ध २२. सामना फिरला तो फ्री थ्रोवर. टेक्सस वेस्टर्नने ३४ पैकी २८ टाकले होते.

त्या रेघेवर उभं राहिलं की पास लागत नाही, कुणी आडवंही येत नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रॅक्टिस संपल्यावर मी एकटाच थांबून रोज शंभर टाकू लागलो.

आता टेक्निकल फाऊल मिळाला की सीनियर बॉल माझ्याकडे देतो. देताना माझ्याकडे बघत मात्र नाही.