पाऊण इंची सीटचे पट्टे

शिरोली एमआयडीसीत बोलणं सगळं वजनाचं. कास्टिंगचा दर किलोवर ठरतो, वाळू डंपरने येते आणि ‘आज किती टन ओतलं?’ ही इथली खुशालीची चौकशी. याच वस्तीत माझं छोटं पॅटर्न शॉप आहे. दिवसभर पंपाच्या नि गिअरबॉक्सच्या हाउसिंगचे पॅटर्न. संध्याकाळी पोरं घरी गेली की त्याच बाकावर विमानांच्या मॉडेलमधले सीटबेल्ट. पुण्या-मुंबईचे मॉडेलवाले कुरिअरने नुसती सीट पाठवतात आणि पट्टे लावून परत मागवतात. काडेपेटीत दोन-तीन सीट आरामात मावतात.

१/४८ हे माझं आवडतं प्रमाण. खरा पट्टा साधारण ४५ मिलिमीटर रुंद धरला, तर इथे तो एक मिलिमीटरही भरत नाही. ती रुंदी नवं ब्लेड आणि पोलादी पट्टी असली की कुणालाही साधते. भांडण जाडीचं आहे. दीड मिलिमीटर जाडीची विणलेली पट्टी ४८ने भागली की उरतात ३० मायक्रॉन. झेरॉक्सचा कागद १०० मायक्रॉनचा, म्हणजे खऱ्या विमानात जवळजवळ पाच मिलिमीटर जाड पट्टा. बैलगाडीला शोभेल! मशीन शॉपमध्ये ५० मायक्रॉनची पितळी शिम असते, ती बरी. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल दहा-पंधरा मायक्रॉनची; तिच्यावर रंगाचे हात चढले की जाडी बरोबर येते. पण फॉइलवर एकदा चुकीची घडी पडली की ती कशानेही जात नाही, टाकूनच द्यावी लागते.

जाडीचं कसंही निभावतं, वजनाचं निभावत नाही. लांबी ४८ पट कमी केली की वजन ४८ गुणिले ४८ गुणिले ४८, म्हणजे एक लाख दहा हजार पटींहून जास्त कमी होतं. खऱ्या कॉकपिटमधून पायलट उतरला की खांद्याचा पट्टा बकलाच्या भाराने घसरतो, सीटच्या कडेवर वळतो, खाली गोळा होतो. मॉडेलमधल्या बकलाला भारच नाही. पट्टा कागदाचा असो की कापडाचा, वाकवाल तिथे वाकतो आणि उरलेला अधांतरी ताठ राहतो. नवखे इथेच अडतात. माप बरोबर, रंग बरोबर, आणि लांबून बघावं तर सीटवर पुठ्ठ्याचे तुकडे.

पॅटर्नवाल्याला यात नवल नाही. माप मुद्दाम चुकवायची त्याला सवयच असते. बीड गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न शंभराला एक या हिशेबाने मोठा करायचा, पोलादाला दोन. आमची श्रिंकेज स्केल मुळातच खोटी, आणि ती खोटी असते म्हणून जॉब मापात येतो. पट्ट्यालाही अशीच सूट द्यावी लागते: जो बाक वजनाने यायचा तो हाताने आणायचा, आणि खऱ्यापेक्षा किंचित जास्तच आणायचा.

त्यासाठी फेविकॉल पाण्यात पातळ करून पट्टा ओलसर करतो, सीटवर ठेवतो आणि टूथपिकच्या बोथट टोकाने कडेवर, खोबणीत दाबत नेतो. वाळला की बाक तसाच राहतो. सुपरग्लू फक्त बकलापाशी, तोही सुईच्या टोकावर येईल तेवढा. जास्त झाला तर कागदात झिरपतो, पट्टा काळपट आणि कडक होतो. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ लागतो, आणि शेजारच्या फाउंड्रीची काळी धूळ ओल्या रंगावर बसते ती वेगळीच. काम झाकून ठेवायला स्टीलचा डबा उपडा घालतो.

बकल मी तारेचं करतो. मोटर रिवायंडिंगवाल्याकडे बारीक तांब्याची वायंडिंग तार मिळते. पियानो वायरचा तुकडा दोन्ही बाजूंनी घासून चपटा करायचा, त्यावर ही तार घट्ट शेजारी-शेजारी गुंडाळायची आणि ब्लेडने एका रेषेत उभी कापायची. एकसारख्या चौकोनी कड्या पडतात. हुपरीच्या चांदीवाल्यांना ही युक्ती नवी नाही. चेक प्रजासत्ताकातल्या एडुआर्ड कंपनीचे रासायनिक पद्धतीने कोरलेले धातूचे पट्टे तयार मिळतात; एचजीडब्ल्यू ही तिथलीच कंपनी कापडासारखा पट्टा वेगळा आणि बकल वेगळं देते. हा पट्टा आधी बोटांत चुरगाळायचा, मग चिमट्याने बकलातून ओवायचा. एका सीटला संध्याकाळ जाते. कोरलेल्या साध्या पितळेला ज्योतीवर धरलं की ते मऊ पडतं. छापील रंगाच्या पट्ट्याला ही सोय नाही, रंग जळतो.

पट्टा कुठे बांधलाय हे मात्र कुठलंच पाकीट सांभाळत नाही. स्पिटफायरमध्ये सटन हार्नेस असे, पहिल्या महायुद्धातल्या ऑलिव्हर सटन या ब्रिटिश वैमानिकाच्या नावाचा. पितळी छिद्रांचे चार पट्टे एकाच खिळीवर अडकवायचे. १९४७-४८ साली काश्मीरवर गेलेली आपल्या हवाई दलाची स्पिटफायर याच जातीची. त्याचे खांद्याचे पट्टे सीटच्या मागे जाऊन विमानाच्या मागच्या भागात नेलेल्या तारेला जोडलेले असतात. बहुतेक मॉडेलमध्ये ते सीटच्या वरच्या काठाला चिकटवलेले दिसतात! असा पायलट सीटसकट पुढे येईल.

मिग-२१ आपल्या ओझरच्या एचएएलमध्ये बनलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला ते निवृत्त झालं, तेव्हापासून माझ्याकडे त्याच्याच सीट जास्त येतात. इजेक्शन सीटवर खांदा-कंबर एवढ्यावर भागत नाही. पॅराशूटच्या पट्ट्यांची भर पडते. एका गिऱ्हाइकाला आपल्या हवाई दलातले वैमानिक दिलीप परुळकर यांचं सुखोई-७ हवं होतं. १० डिसेंबर १९७१ रोजी ते त्यातून इजेक्ट झाले, युद्धकैदी झाले आणि ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटले; अफगाण सरहद्दीजवळ लंडी कोतलला पुन्हा पकडले गेले. गिऱ्हाइकाचा आग्रह, पट्टे सीटवर छान फुली करून ठेवा. मी नाही म्हटलं. हे विमान परत आलंच नाही, तेव्हा त्याची सीट दाखवायची ती उड्डाणाआधीची, आणि त्या वेळी पट्टे पायलटला झटकन बसता यावं म्हणून दोन्ही बाजूंना मोकळे टाकलेले असतात. कुठल्या घटकेचं विमान करतोय हे ठरल्याशिवाय मी ब्लेड उचलत नाही.

हल्ली थ्रीडी प्रिंटरवर पट्ट्यांसकट अख्खी सीट निघते. सुबक असते, १/७२ला तीच वापरा. पण एका फाइलीतून निघालेल्या दहा सीटवर पट्टा दहाही वेळा तसाच पडलेला, आणि स्क्वाड्रनची चार विमानं शेजारी मांडली की ते लगेच डोळ्यांत खुपतं.

सीट परत पाठवताना चिठ्ठीत एक सूचना दरवेळी लिहितो. सुपरग्लूच्या वाफेने कॉकपिटची काच आतून पांढुरकी होते आणि मग पुसता येत नाही. तेव्हा पट्टे बसले की रात्रभर कॉकपिट उघडं ठेवा, काच दुसऱ्या दिवशी.