आधीचा मालक

परवा जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रेत्या पोरानं मला टोकलं. "सर, सेकंड-हँड नका म्हणू, प्री-ओन्ड म्हणा." दारावरचा ओरखडा होता तिथंच होता, शब्द तेवढा पॉलिश केलेला. मला तो शब्द आवडला नाही, कधी आवडणारही नाही.

आमच्या घरी सेकंड-हँडची लाज नव्हती. पाठ्यपुस्तकं अप्पा बळवंत चौकातून अर्ध्या किमतीत यायची. आधीच्या मुलानं रिकाम्या जागा भरून ठेवलेल्या असत, ते वर फुकट. पण खरा मान बाबांच्या चेतकचा. बजाजनं ती १९७२ साली आणली आणि पुढं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची पाळी आली. आकुर्डीत बनणारी स्कूटर पुणेकरालाच मिळेना! म्हणून हातात लगेच येणारी वापरलेली चेतक कोऱ्या गाडीपेक्षा महाग विकली जायची. बाबांनी तशीच घेतली. मागं स्टेपनीच्या कव्हरवर कुणा बाईचं नाव रंगवलेलं. आई म्हणाली, खोडा ते. बाबा म्हणाले, "राहू दे, गाडीला सवय झालीय."

इंग्रजीत सेकंड-हँड हे विशेषण ऐकीव गोष्टीलाही लागतं. त्याचं कायद्याला वावडं. १८७२च्या पुरावा कायद्यातलं साठावं कलम सांगायचं, पाहिलेली गोष्ट ज्यानं पाहिली त्यानंच येऊन सांगावी. बाबा त्या कलमात बसले नसते. स्टेपनीवरचं नाव आधीच्या मालकाच्या मुलीचं की बायकोचं, हे ते दर वेळी निराळं सांगत, तेही स्कूटर तिरकी करून किक मारता मारता.

आणखी एक गंमत. पाच घरं फिरलेली गाडीही आपल्या बोलण्यात सेकंड-हँडच. मालकांची खरी मोजदाद आरसी बुकात.

आजोबा मी पाहिले नाहीत. ते फार तापट होते, असं बाबा सांगायचे. आत्या म्हणते, छे, तापट तुझा बाप. आजोबा विहिरीतल्या कासवाशीसुद्धा प्रेमानं बोलायचे. मला कासववाले आजोबा पसंत पडले.

"तू ऐकलंस त्यांना बोलताना?" मी विचारलं.

"मी कुठली ऐकतेय? काकू सांगायची."