कर्जत लोकलमधला दिगू टिपणीस

शनिवारी संध्याकाळी मुंबई दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा, आणि अंबरनाथच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही असेल त्यांच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. मुलं पुढे सतरंजीवर, बायका दाराशी, पहिल्या पाळीवरून आलेले पुरुष भिंतीला टेकून. मध्येच लाइट जायची, सगळे एका सुरात हळहळायचे, पण जागा कोणी सोडत नसे. जब्बार पटेलांचे चित्रपट आमच्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा असेच पाहिले. 'सामना' १९७५चा, 'जैत रे जैत' १९७७चा, 'सिंहासन' १९७९चा, 'उंबरठा' १९८२चा. दौंडला लहान मुलांचा दवाखाना चालवणाऱ्या, 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर उभं करणाऱ्या डॉक्टरने सात-आठ वर्षांत हे चार चित्रपट दिले, याचं मला अजून नवल वाटतं. पुढे 'एक होता विदूषक' आणि 'मुक्ता' आले, मामुट्टींचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आला. पण मनात घर केलं ते या पहिल्या चौघांनी.

आता ते पुन्हा पाहताना एक गोष्ट फार जाणवते. प्रसंग जिथल्या तिथे आहेत, आपलं गाव मात्र त्यांच्या खालून सरकलं आहे. तेव्हा जे लांबचं वाटलं ते आता दाराशी आलंय, आणि जे शेजारचं होतं ते शोधायला जावं लागतं.

'सिंहासन'च घ्या. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या, त्यांवर तेंडुलकरांची पटकथा. मुख्यमंत्री जिवाजीरावांना एक निनावी फोन येतो, तुमची खुर्ची धोक्यात आहे म्हणून. अरुण सरनाईकांच्या चेहऱ्यावरची घडी मोडत नाही, पण माणूस आतून सावध झालेला दिसतो. तेव्हा आमच्या चाळीत कोणाकडेच फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे होता, आणि तिथून निरोप आला की आधी काळजात धस्स व्हायचं, कारण कोणी गेल्याशिवाय आम्हाला फोन येत नसे. त्यामुळे त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर घंटी वाजली की खोलीतली कुजबुज थांबायची. आता कर्जत लोकलच्या डब्यात माणसागणिक फोन वाजतो. कोणाला तिकीट मिळणार, कोण कोणाला फोडणार, हे पलीकडच्या बाकावरच्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललं जातं. मंत्रालयाच्या बंद दारांआड चालायची ती भाषा आज अंबरनाथ-बदलापूरच्या चहाच्या टपरीवर चालते.

सतीश दुभाषींचा कामगार पुढारी डिकास्टा आला की भिंतीला टेकलेले पुरुष पुढे सरकायचे. त्यांच्यात ऑर्डनन्सवाले होते, विमकोवाले होते, शहाडच्या सेंच्युरी रेयॉनला जाणारेही होते. संपाचं वजन कोण कोणासाठी वापरतं, यावर चित्रपट संपल्यावर ओट्यावर रात्री उशिरापर्यंत वाद चाले. तो वाद घालणारी माणसं स्वतः भोंग्याच्या वेळेवर जेवणारी होती, म्हणून त्याला धार होती. विमकोचा आगपेट्यांचा कारखाना कधीच बंद झाला, विमको नाका हे नाव तेवढं राहिलं. रिक्षावाल्याला 'विमको नाका' सांगणाऱ्या आजच्या मुलांना डिकास्टा समजावून सांगावा लागतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि दिगू टिपणीस. निळू फुल्यांना गावातला खलपुरुष म्हणूनच ओळखणाऱ्या महाराष्ट्राला जब्बारांनी त्यांचं ऐकणं दाखवलं. पत्रकार दिगू समोर बसतो, ऐकतो, पुन्हा ऐकतो. शेवटी ते सगळं ऐकलेलं त्याला सोसत नाही आणि तो वेड्यासारखा हसत सुटतो. लहानपणी त्या हसण्याची मला भीती वाटायची. आता रात्रीच्या गाडीत दिवसभराच्या बातम्या मोबाइलवर वाचता वाचता मान खाली घालून बसलेला एखादा मध्यमवयीन माणूस दिसला की हा दिगूच, असं वाटतं. 'सामना'त हेच निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील होतात. दारुड्या मास्तरला घरी आणून त्याची बडदास्त ठेवणारा तो साखरसम्राट. त्याच्या प्रेमळ आदरातिथ्याची जी धास्ती वाटते ती कोणाच्या आरडाओरड्याची वाटत नाही.

'जैत रे जैत' मात्र आम्हाला आमचाच वाटायचा. गो. नी. दांडेकरांची मूळ कादंबरी कर्नाळ्याच्या ठाकरांची. बदलापूर स्टेशनातून दिसणाऱ्या चंदेरीच्या रांगेपलीकडे पनवेल, त्याच्या पुढे तो कर्नाळ्याचा सुळका. नाग्या राणीमाशीचा सूड घ्यायला लिंगोबाच्या डोंगराकडे निघतो आणि ढोल घुमू लागतो, तो माझ्या मते मराठी चित्रपटातला सर्वांत मोठा प्रसंग आहे. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, आणि मोहन आगाशेंच्या डोळ्यातला हट्ट. तेव्हा कुळगावाबाहेर पडलं की भातखाचरं लागत. ठाकरवाडीतल्या बायका स्टेशनबाहेर पळसाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसत. द्रोणाला टोचलेली काडी काढली की करवंदाचा चीक बोटाला लागायचा. बायका अजून येतात, करवंदं-जांभळंही असतात, पण द्रोणाच्या जागी पातळ पिशवी आहे आणि चंदेरीचा माथा दोन टॉवरच्या फटीतून शोधावा लागतो. मोबाइलवर हा चित्रपट पाहू नये, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. त्या ढोलाला मोठी खोली लागते, चार माणसं शेजारी लागतात.

'जैत रे जैत'मधली चिंधी नको असलेल्या नवऱ्यापासून मोकळी होते आणि आपला माणूस आपण निवडते. पाचच वर्षांनी तीच स्मिता पाटील 'उंबरठा'त सुलभा महाजन झाली. शांता निसळांच्या 'बेघर' कादंबरीतली, सुधारगृहाच्या नोकरीसाठी घर सोडणारी, आणि परत आल्यावर घरात आपली जागा उरली नाही हे कळताच पुन्हा निघणारी. शेवटी ती गाडीत असते. दाराशी बसलेल्या बायका तेव्हा एकच बोलल्या होत्या: पोरीला टाकून बाई जाते कशी? त्यांतल्या बहुतेकींनी ठाण्यापलीकडे एकटीने प्रवास केलेला नव्हता. आज बदलापूरहून पहाटेच्या लोकलला बायकांच्या डब्यात उभं राहायला जागा नसते. कोणी वेणी घालतं, कोणी भाजी निवडतं, कोणी मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर उत्तर लिहितं.

पोरीला टाकून बाई जाते कशी, हे माझ्या वहिनीचं मत अजून तेच आहे. तिची सून रोज सहाच्या आसपासची गाडी पकडते. सुनेचं म्हणणं, सुलभाने निघताना मुलीला, राणीला, सोबत न्यायला हवं होतं, नवऱ्याला विचारायचं कशाला? वहिनी विचारते, सुधारगृहात लहान मुलीला ठेवणार कुठे? सून म्हणते, आम्ही पाळणाघरात ठेवतोच ना. यावर दोघींचं अजून जमलेलं नाही, आणि येत्या रविवारी 'उंबरठा' पुन्हा लावायचं ठरलं आहे.